इंदूरमधले द आणि र

रविवार, रात्र. रामबाग.

शेवटी आज मी घरी बनवत असलेल्या, दोन तुकड्यांच्या कीबोर्डचे दोन्ही अर्धे जोडले गेले. इतके दिवस डावा अर्धा एकटाच लॅपटॉपला लावून बघत होते, आणि मराठी लिहायला गेलं की पडद्यावर नुसत्या मात्रा. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कळांच्या मांडणीत, स्वर नि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘इंदूर’ लिहायला बसले की ‘इं’ उमटायचा आणि पुढे टिंबांच्या रिकाम्या वर्तुळाखाली लोंबणारा दीर्घ उकार. द आणि र पलीकडच्या अर्ध्यात अडकलेले.

सगळं अडलं होतं मधल्या वायरीपाशी. बरेच जण लावतात तशी मीही मागच्या महिन्यात हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची, चार कड्यांची पिन लावली होती. ही पिन आत-बाहेर सरकताना तिच्या कड्या सॉकेटमधल्या भलत्याच पट्ट्यांना घासून जातात. यूएसबी चालू असतानाच मी ती ओढली. ५ व्होल्ट आणि ग्राउंड क्षणभर भिडले, आणि एक प्रो मायक्रो, म्हणजे अर्ध्या कीबोर्डला चालवणारा छोटा बोर्ड, गेला. फार वाईट वाटलं. त्याला डाग देण्यात (सोल्डरिंगमध्ये) माझ्या दोन रात्री गेल्या होत्या.

काल आईनं माळ्यावरची पेटी काढली, त्यात आमचा जुना लँडलाइन निघाला. रिसीव्हरची गुंडाळीची वायर अजून तशीच लवचिक. तिच्या टोकाला चार पट्ट्या शेजारी शेजारी असतात, प्रत्येक आपापल्या खाचेत सरळ जाते, एकीला दुसरीवरून जावं लागत नाही. मला तीनच तारा हव्या होत्या: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. कीबोर्ड चालवणाऱ्या क्यूएमके या सॉफ्टवेअरच्या सिरियल जोडणीला डेटाची एक तार पुरते.

“आई, ही घेऊ का गं?”

“घे की. तुझी आजी बोलताना हीच बोटाला गुंडाळत बसायची.”

सॉकेटं महाराणी रोडवरून आणली. डाग देण्याआधी मल्टिमीटर लावला, हे फार बरं केलं. इकडची १ नंबरची पट्टी तिकडे ४ नंबरला बीप देत होती! रिसीव्हरच्या वायरी बहुधा अशा उलट्याच असतात. तशीच लावली असती तर उजव्या बोर्डाला उलटा पुरवठा गेला असता. मग उजव्या सॉकेटच्या तारा उलट्या क्रमानं जोडल्या आणि खाली चिठ्ठी चिकटवली: ‘फक्त हीच वायर’.

दोन्ही बोर्डांच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, कोण डावा, कोण उजवा ते नोंदवलं. वायर आधी, यूएसबी शेवटी. आईला शेजारी बसवून ‘इंदूर’ लिहिलं. द आला, उकार त्याच्याखाली जाऊन बसला, र आला. आईनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

ही नोंद या कीबोर्डवरच लिहिते आहे. ळ लिहिताना उजवा हात अजून अडखळतो.