प्रवाळाचा नमुना आणि 'प्राण्यांची संख्या': संशोधन-परवानगीचा माझा अनुभव

परवानगीच्या अर्जात 'पकडावयाच्या प्राण्यांची संख्या' असा एक रकाना होता, आणि त्या रकान्यापायी माझ्या संशोधनाचा एक अख्खा उन्हाळा वाया गेला. विद्यापीठाचे पत्र, मार्गदर्शकांची संमती, प्रस्तावाचे सादरीकरण हे टप्पे कोणत्याही संशोधक विद्यार्थ्याच्या परिचयाचे असतात; त्यांत मला अडचण आली नाही, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत नाही. जे लिहीत आहे त्यात राग डोकावला, तर तो अजून पुरता ओसरलेला नाही असे समजावे.

मालवणच्या किनाऱ्यावरील दगडी प्रवाळे आणि त्यांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले हा माझा विषय आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर आणि त्याखालच्या उथळ पाण्यात पोराइटीस, टर्बिनारिया, गोनिआस्ट्रिया अशा प्रजातींची प्रवाळे आढळतात. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा त्याच्या पोटातील शैवाले प्रकाशसंश्लेषणातून पुरवू शकतात. मात्र वर्षातील सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एखाद्या अंशानेही अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते, शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे दिसू लागते; यालाच विरंजन म्हणतात. सगळी शैवाले उष्णतेपुढे सारखीच दुबळी नसतात. २०१८ मध्ये त्यांच्या वर्गीकरणाची फेरमांडणी झाली. त्यातील ड्युरुस्डिनियम या प्रजातीच्या काही जाती इतरांपेक्षा अधिक उष्णता सोसतात. पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या मालवणच्या पाण्यात तग धरून राहिलेल्या प्रवाळांमध्ये कोणते शैवाल आहे, हे छायाचित्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो, आणि डीएनएसाठी नखाएवढा का होईना, प्रवाळाचा तुकडा काढावा लागतो.

तुकडा काढायचा म्हटले की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आडवा येतो, आणि तो यावा याच मताची मी आहे. मन्नारच्या आखातात एकेकाळी चुन्यासाठी प्रवाळ खणून काढले जात असे. २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळांचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले. या कायद्यात प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग काढणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते. त्यामुळे संशोधनासाठी नमुना घ्यायचा असेल, तर कलम १२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी त्यापूर्वी केंद्र सरकारची मंजुरी लागते. शिवाय मालवणचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य असल्यामुळे, अभ्यासासाठी तेथे प्रवेश करण्याची कलम २८ खालची परवानगी वेगळी. ज्यांना केवळ छायाचित्रे घ्यायची आहेत, चौकट टाकून वसाहती मोजायच्या आहेत किंवा क्वीन्सलँड विद्यापीठाच्या रंगपट्टीने प्रवाळाचा रंग नोंदवायचा आहे, त्यांनी नमुन्यांच्या वाटेला जाऊच नये. प्रवेशाची परवानगी त्या मानाने पुष्कळच सुलभ मिळते.

माझा अर्ज मधल्या टप्प्यावरील एका कार्यालयात अडकला. त्या कार्यालयाचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण मला वाटते तसा रकाना आणि तशी फाईल कोठेही भेटू शकते. प्रवाळ हा प्राणी की दगड, ही शंका पहिल्याच भेटीत उपस्थित झाली आणि अनुसूचीची छापील प्रत पुढे ठेवताच ती मिटलीही. खरी कोंडी त्यानंतर सुरू झाली. संख्येच्या रकान्यात मी '४० नमुने' असे लिहिले होते. काही आठवड्यांनी त्रुटीपत्र आले: नमुन्यांची नव्हे, प्राण्यांची संख्या नमूद करावी. मी '४० वसाहती' असे लिहून पाठवले. पुन्हा त्रुटीपत्र आले: वसाहतीत एकाहून अधिक प्राणी असल्याचे अर्जदाराच्याच प्रस्तावात म्हटले आहे, तरी एकूण संख्या कळवावी.

चीड येण्याचे कारण असे, की तर्काच्या दृष्टीने कार्यालयाचे म्हणणे बिनचूक होते. प्रवाळाची वसाहत असंख्य पुष्पकांची, म्हणजे इवल्या इवल्या प्राण्यांची, बनलेली असते आणि प्रत्येक पुष्पकाला स्वतःचे तोंड, स्वतःचे जठर आणि स्वतःचे दंश करणारे शुंडक असतात. पोराइटीसमध्ये एका पुष्पकाची बैठक जेमतेम एक ते दीड मिलिमीटर रुंद असते, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमध्ये पन्नासच्या आसपास किंवा त्याहून अधिक पुष्पके मावतात. मी प्रत्येक वसाहतीच्या कडेवरून दोन चौरस सेंटिमीटरचा तुकडा मागत होते. गुणाकार प्रामाणिकपणे केला असता, तर रकान्यात 'पहिल्या अनुसूचीतील सुमारे ४,००० प्राणी' असे लिहावे लागले असते, आणि त्या आकड्याखाली सही करणारा अधिकारी महाराष्ट्रात जन्माला यायचा आहे. उलट बाजूने पाहिले, तर ती सगळी वसाहत एकाच अळीपासून अलैंगिक वाढीने तयार झालेली असते, तिची पुष्पके ऊतींनी एकमेकांना जोडलेली असतात आणि एकाने खाल्लेले अन्न शेजाऱ्यापर्यंत पोहोचते. म्हणून अनुवंशाच्या हिशेबाने ती एकच व्यक्ती ठरते. तिसरे उत्तरही तितकेच खरे होते: एकही वसाहत मरणार नव्हती, सबब पकडावयाच्या प्राण्यांची संख्या शून्य. ही तिन्ही उत्तरे मी वेगवेगळ्या पत्रांतून सविस्तर, आकृत्यांसह कळवली आणि प्रत्येक पत्रानंतर फाईल थोडी अधिक जाड झाली.

त्याच अर्जात प्राण्याला बेशुद्ध करण्याची पद्धत आणि उपस्थित राहणाऱ्या पशुवैद्यकाचे नाव विचारले होते. तेथे 'लागू नाही' असे लिहिलेले चालत नाही; का लागू नाही, हेही लिहावे लागते. पकडण्याच्या साधनापुढे मी 'छिन्नी व हातोडी' असे लिहिले, त्याला मात्र कोणी हरकत घेतली नाही. त्यात भर म्हणजे २०२२ चा सुधारणा अधिनियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला होता आणि अनुसूचींची मांडणी बदलली होती. अर्जाचा छापील नमुना जुना आणि तपासणारी व्यक्ती नव्या अनुसूचीतील नोंद विचारणारी. अर्ज करणाऱ्यांनी जुनी आणि नवी अशा दोन्ही नोंदी सुरुवातीलाच द्याव्यात.

दूरध्वनीवर मिळणारी उत्तरे मला पाठ झाली होती. साहेब बैठकीला गेले आहेत, फाईल वर गेली आहे, वरून अजून आलेली नाही. 'वर' म्हणजे नेमके कोणाकडे, हे विचारल्यास आवाज थंड होतो, असा अनुभव आल्यामुळे मी ते विचारणे सोडले आणि त्याऐवजी आवक क्रमांक, दिनांक आणि कोणत्या मेजावर फाईल आहे एवढेच विचारू लागले. हा बदल उपयोगी ठरला. ज्याच्याकडे क्रमांक नाही, त्याची फाईल कोणीही शोधत नाही.

आणि हे सारे चालू होते ते नेमके २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर. एप्रिलमध्ये समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या शासकीय संस्थेने चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा केली. मे महिन्यात लक्षद्वीपमधील प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सांगितले. ज्या घटनेच्या आधीचे, वेळचे आणि नंतरचे नमुने घेण्यासाठी मी प्रस्ताव लिहिला होता, ती घटना अरबी समुद्रात घडत होती आणि मी प्रवाळाच्या पुष्पकांची संख्या कळवत होते. मालवणात ज्यांची होडी मी ठरवली होती, ते काका अधूनमधून फोन करून विचारत, "गो बाय, तुझो कागद इलो काय?" त्यांच्या विचारण्याला कारण होते. नमुने घ्यायचे तर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारासच्या उधाणाची खोल ओहोटी लागते, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत हवा तेवढा कातळ उघडा पडत नाही. मेच्या उत्तरार्धात वारा सुटतो आणि १ जूनपासून यांत्रिक मासेमारीवर बंदी येऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. समुद्राचे हे वेळापत्रक फाईलला ठाऊक नसते.

माझी बहीण हृदयविकारावरील औषधांच्या वैद्यकीय चाचण्यांचे काम पाहते. तिच्याकडेही कागद कमी नाहीत: नैतिकता समितीची मान्यता, पहिला रुग्ण सहभागी होण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदवहीत चाचणीची नोंद, प्रत्येकाचे लेखी संमतिपत्र. परंतु २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार भारतातच शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जावर ३० कामकाजी दिवसांत काहीच कळवले गेले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. माणसाच्या हृदयावर नव्या औषधाचा प्रयोग करायचा असताना शासन स्वतःला मुदत घालून घेऊ शकते, तर नखाएवढ्या प्रवाळाच्या अर्जाला 'हो' किंवा 'नाही' म्हणण्यासाठी मुदत का असू नये, हे मला आजही उमगलेले नाही. मौन म्हणजे संमती असे धरावे, अशी माझी मागणी नाही. वन्यजीवांच्या बाबतीत ते घातक ठरेल. नकार आला तरी चालेल, पण तो उधाणापूर्वी यावा.

कोंडी फुटली ती त्याच कार्यालयात नव्याने बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यामुळे. त्यांनी सगळी फाईल माझ्यासमोर चाळली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही आम्हाला प्रवाळ शिकवू नका. आम्हाला टिपणीत लिहिता येईल असे एक वाक्य द्या." त्या क्षणी मला ते बोलणे उद्धट वाटले, एसटीत बसल्यावर लक्षात आले, की इतक्या महिन्यांत मिळालेला तो एकमेव उपयुक्त सल्ला होता. सही करणाऱ्याला प्रवाळ म्हणजे काय, हे ठरवण्याची जबाबदारी नको असते. ती कोणीतरी तज्ज्ञाने आधीच घेतलेली आहे, असे दाखवणारा कागद त्याला हवा असतो. त्याच रात्री मी असे लिहिले: 'प्रस्तावित संशोधनात कोणतीही प्रवाळ-वसाहत समूळ काढली जाणार नाही, प्रत्येक वसाहत एकाच अळीपासून वाढलेली असल्याने या अर्जाच्या प्रयोजनार्थ एक वसाहत म्हणजे एक प्राणी असे धरण्यात आले असून, अशा ४० प्राण्यांच्या शरीराचा प्रत्येकी कमाल २ चौरस सेंटिमीटर इतका भाग घेतला जाईल.' त्याखाली माझ्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांचे प्रमाणपत्र जोडले आणि सोबत मोजपट्टी ठेवून काढलेले एका वसाहतीचे छायाचित्र. फाईल हलली. पुढे परवाना हातात आला, तेव्हा त्यात माझे वाक्य जसेच्या तसे, स्वल्पविरामासकट उतरलेले होते. प्रबंधातील एकाही परिच्छेदाचा मला इतका अभिमान वाटलेला नाही.

परवाना आला तो नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर. विरंजनाच्या वेळचे नमुने कायमचे हुकले. त्यानंतर सावरलेल्या आणि न सावरलेल्या वसाहतींवर मी काम केले आणि प्रबंधाचा प्रश्न त्याप्रमाणे बदलून घेतला.

काही गोष्टी लिहिता लिहिता आठवल्या, त्या येथेच नोंदवते. मालवणात अभयारण्याचे नाव काढताच मच्छीमारांच्या मनात १९८७ पासूनचा संशय जागा होतो, आणि त्यांची भीती आपल्या हक्काच्या पाण्यावर बंदी येण्याची असल्यामुळे तो अनाठायी म्हणता येत नाही. म्हणून कागद येण्याची वाट न पाहता आधी मच्छीमार संस्थेत जाऊन आपण काय करणार आहोत, हे सांगावे. होडीवर परवान्याची प्लास्टिकमध्ये बंद केलेली प्रत असावी, मूळ प्रत खोलीवर ठेवावी. नमुने इथेनॉलमध्ये ठेवण्याची पद्धत चांगली असली, तरी ते ज्वालाग्राही असल्याने एसटीने किंवा रेल्वेने नेता येत नाही. मिठाने संपृक्त केलेल्या डीएमएसओ या रसायनाच्या द्रावणात प्रवाळाचा डीएनए साध्या तापमानाला टिकतो, त्यामुळे मी तेच वापरले. परदेशी संस्थेचा सहभाग असेल, तर जैविक विविधता अधिनियमाखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, आणि दगडी प्रवाळे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने तुकडे देशाबाहेर पाठवण्याचा विचारही करू नये. डीएनए वेगळा करण्याचे आणि वाचण्याचे काम भारतातच होते आणि चांगले होते.

परवान्याची मुदत सही झालेल्या दिवसापासून मोजली जाते, आपण पाण्यात उतरलो त्या दिवसापासून नव्हे. म्हणून अर्जातच 'नोव्हेंबर ते मे' असा काम करता येण्याजोगा काळ कारणासह मागून घ्यावा, आणि मुदतवाढ लागेल असे जराही वाटले, तर परवाना हाती पडताच तिचा अर्ज तयार ठेवावा; माझा तो अर्ज सध्या त्याच कार्यालयात आहे, आवक क्रमांकासह.