आमची वाटचाल: एका ओळीच्या तीन ओळी झाल्या तेव्हा

आमच्या फर्मचे काम सुरुवातीला ड्रेनेजचे नकाशे काढून देण्यापुरतेच होते. चेंबर कुठे घ्यायचे, वाहिनीला उतार किती द्यायचा, तळाशी गाळ बसू नये म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली कसा जाऊ द्यायचा नाही, एवढे सांभाळले की आपली जबाबदारी संपली, अशी आम्हा दोघा भागीदारांची समजूत होती. शुल्क हा ग्राहक आणि नगरपालिका यांच्यातला विषय आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

ही समजूत एका दुमजली इमारतीच्या कामात मोडली. ग्राहकाला दिलेल्या अंदाजपत्रकात मी ‘नगरपालिकेचे शुल्क’ अशी एकच ओळ लिहिली आणि तिच्यात फक्त जोडणीचा खर्च धरला. परवानगीच्या वेळी मागणीपत्र आले, तेव्हा त्यात तीन ओळी होत्या: जोडणी शुल्क, मलनिस्सारण विकास शुल्क आणि पर्जन्यजल विकास शुल्क. ग्राहकाने आवाज न चढवता विचारले, “साहेब, रस्त्यातली वाहिनी तर आधीपासूनच आहे, मग तिचे पैसे मी का भरायचे?” मला उत्तर देता आले नाही. त्या कामाचे मानधन आम्ही सोडून दिले. चूक सरळसरळ माझी होती.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्या व्यवसायाची दिशा बदलली. रस्ता उकरून तुमची वाहिनी मुख्य वाहिनीला जोडणे आणि त्या कामाची तपासणी करणे, याचा खर्च म्हणजे जोडणी शुल्क. सफाई, पंप आणि शुद्धीकरण केंद्र चालवणे यासाठी दरमहा भरायचा तो वापराचा आकार. विकास शुल्क या दोन्हींहून वेगळे असते; नव्या बांधकामामुळे यंत्रणेची जेवढी क्षमता अडते, तिचा तो एकदाच भरायचा वाटा असतो. वाहिनी दरवर्षी थोडी थोडी रुंद करता येत नाही. शिवाय तोच उतार ठेवून व्यास दुप्पट केला, तर वहनक्षमता दुप्पट न होता सहा पटींहून अधिक वाढते, त्यामुळे पुढच्या कित्येक वर्षांची वस्ती लक्षात घेऊन मोठी वाहिनी एकदाच टाकणे शहाणपणाचे ठरते. तिचा पैसा आधीच्या रहिवाशांनी भरलेला असतो किंवा कर्जाने उभारलेला असतो. ‘वाहिनी आधीपासूनच आहे’ हे ग्राहकाचे म्हणणे खरे होते, आणि शुल्काचे कारणही नेमके तेच होते.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या कायद्याने ही गोष्ट फार स्वच्छ मांडली आहे. तिथे अशा शुल्कात आधीच बांधलेल्या शिल्लक क्षमतेची परतफेड आणि पुढे वाढवायच्या क्षमतेची तरतूद असे दोन भाग असू शकतात, आणि हा पैसा नेहमीच्या देखभालीवर खर्च करता येत नाही. ही फोड वाचल्यापासून कुठल्याही गावाचा दरतक्ता हाती आला की मी आधी हेच पाहतो, की यातले किती मागचे आणि किती पुढचे.

मोजण्याची रीत मात्र मलनिस्सारण आणि पर्जन्यजल या दोन्ही विकास शुल्कांची अगदी निराळी असते, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. मलनिस्सारणाचे शुल्क आतल्या वापरावर ठरते: घरांची संख्या, नळ-संडासांची संख्या किंवा पाण्याच्या मीटरचा आकार. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या प्रचलित प्रमाणानुसार ५/८ इंची मीटरची क्षमता मिनिटाला २० गॅलन, १ इंचीची ५० आणि २ इंचीची १६० गॅलन धरतात. म्हणजे या रीतीने आकारणी होत असेल आणि ५/८ इंची मीटर एका घराचा धरला जात असेल, तिथे १ इंची मीटर अडीच घरांइतका आणि २ इंची मीटर आठ घरांइतका भरतो. आमच्या एका ग्राहकाने बागेला जोरात पाणी मिळावे म्हणून मोठा मीटर मागितला होता. बागेचे पाणी गटारात जात नाही, तरी शुल्क मीटर पाहूनच लागणार होते. आम्ही घरासाठी लहान आणि बागेसाठी स्वतंत्र मीटर सुचवला, कारण तिथल्या नियमात बागेच्या मीटरला मलनिस्सारणाचे शुल्क नव्हते.

पर्जन्यजलाचे शुल्क नळाकडे पाहतच नाही. ते छपराकडे आणि अंगणाकडे पाहते. २०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी होते आणि त्यातले बहुतेक सगळे पन्हळीतून काही मिनिटांत रस्त्याकडे धावते. तेवढ्याच हिरवळीवरचे बरेचसे पाणी जमिनीत मुरते. म्हणून पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रफळावर आकारणी होते. वाद होतो तो खडीवरून. ग्राहक म्हणतो खडीत पाणी मुरते, पण गाड्यांखाली दबून घट्ट झालेली खडी अनेक ठिकाणी फरशीसारखीच मोजली जाते. एकदा भर पावसात टेप घेऊन आम्ही असे वाहनतळ मोजले. पाणी खडीवरून सरळ ओघळत होते आणि वाद तिथेच मिटला.

शुल्काला मर्यादाही असते. ओरेगॉनमधल्याच टायगार्डमध्ये प्लंबिंग आणि विजेच्या सामानाचे दुकान वाढवू पाहणाऱ्या फ्लॉरेन्स डोलन यांच्याकडे शहराने परवानगीच्या बदल्यात ओढ्याकाठची पूरक्षेत्रातली जमीन मागितली होती. १९९४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी मागणी प्रकल्पाच्या परिणामाशी ढोबळमानाने तरी प्रमाणात असली पाहिजे. २०२४ साली बांधकाम परवानगीच्या शुल्कावरून झालेल्या शीट्झ खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की शुल्क कायदे करणाऱ्या मंडळाने ठरवले एवढ्याने ते या कसोटीतून सुटत नाही.

आता आम्ही नकाशाच्या आधी शुल्काचा कागद करतो. जुने घर पाडून नवे बांधायचे असेल, तर जुन्या जोडणीची पावती, जुना नकाशा आणि छपराची मापे पाडकामापूर्वीच गोळा करतो. जुन्या घराचा यंत्रणेवर आधीच असलेल्या भाराची वजावट अनेक ठिकाणी मिळते, पण पुरावा ढिगाऱ्यात गेला की ती मागायची कशी? पाणी अडवणाऱ्या टाकीमुळे सूट मिळेल, असे तोंडी आश्वासन मात्र आम्ही देत नाही. ती सूट कुठे मासिक आकारावर असते, कुठे विकास शुल्कावर, तर कुठे अजिबात नसते. कागदाच्या तळाशी दर कोणत्या तारखेचा आहे आणि अर्ज, परवानगी किंवा भरणा यांपैकी कोणत्या दिवसाचा दर लागू होईल, हेही लिहितो. ही शेवटची ओळ आमच्या लेखापालांच्या आग्रहाने आली, कारण मधल्या काळात दर बदलले की फरकाचे पत्र आमच्याच टेबलावर येऊन पडत असे.