फुफ्फुसाची जागा

मंगळवार, रात्री

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. तसं काही घडलेलं नाही. नाडीच्या तासाला लाओशी, म्हणजे आमचे चिनी वैद्यकाचे सर, कुणाचा ना कुणाचा हात मागतातच, आज माझा मागितला. छोट्या उशीवर मनगट ठेवलं, त्यांनी तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. डावा हात झाला, मग उजवा. उजव्या हातावर तर्जनीखाली ते थांबले. आधी हलकं दाबलं, मग जरा खोल, मग पार हाडापर्यंत. म्हणाले, "इथे रिकामं लागतंय." आणि शेजारच्या मुलाला म्हणाले, "ये, आता तू बघ."

एवढंच.

उजव्या मनगटावरची पहिली जागा फुफ्फुसाची. तिच्यामागे प्लीहा, त्यामागे मूत्रपिंड. डावीकडे हृदय, यकृत आणि पुन्हा मूत्रपिंड. प्रत्येक अवयवाला एकेक भावना जोडलेली. यकृताला राग, मूत्रपिंडाला भीती, फुफ्फुसाला शोक. हा तक्ता वर्गात सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यामुळे लाओशी पुढे काही बोलले नाहीत तरी सगळ्यांना कळलं. दोघी-तिघींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच वह्यांत माना घातल्या. मला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. जे मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही, ते मनगटावरून कसं वाचलं जातं?

आणि मग आठवलं, माझ्या रजेच्या अर्जावर सही त्यांचीच होती. अर्जात कारण लिहिलेलं होतं.

संध्याकाळपासून हेच चाललंय डोक्यात. त्यांना बोटांना कळलं, की अर्जावरून? अर्जावरून कळलं असेल तर नाडीचं काय? आणि बोटांना कळलं असेल तर मला का नाही कळत? माझी बोटं आहेत तरी कशासाठी? शेजारच्या मुलानं माझी नाडी ‘दोऱ्यासारखी’ सांगितली, व्हिएतनामची मुलगी ‘खोल’ म्हणाली, तिसऱ्याला ती ‘तारेसारखी ताणलेली’ लागली. एकच हात, एकच दुपार. मी स्वतः दुसऱ्या हातानं चाचपून पाहिली. मला नाडी लागली. नुसती नाडी.

बीएएमएसला असतानाही हेच व्हायचं. वाताची सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. श्लोक घडाघडा यायचा आणि बोटाखाली साप नाही, बेडूक नाही. आप्पा म्हणायचे, घाई करू नकोस, हात धरून बस. आप्पांना येत होतं. बाबांची नाडी शेवटी मी... जाऊ दे.

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांचं बरं असतं. 1027 साली चीनच्या सुंग दरबारातल्या वांग वेईयी यांनी कांस्याचे दोन माणूसभर उंचीचे पुतळे ओतवून घेतले. अंगभर बिंदूंची भोकं. परीक्षेच्या वेळी वरून मेण लावायचं, आत पाणी भरायचं आणि विद्यार्थ्यानं सुई टोचायची. बिंदू बरोबर असेल तर पाणी येणार, चुकला तर सुई आत जाणारच नाही. किती स्वच्छ! नाडीसाठी असा पुतळा कुणी ओतला नाही. तिथे उत्तर फक्त लाओशींच्या बोटांत, आणि लाओशींचं उत्तर खरं की खोटं हे सांगणारं पाणी कुठूनच वाहत नाही.

मला पाणी वाहिलेलं बघायचं असतं, म्हणून तर इथे आले. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांच्याबद्दल वाचल्यापासून चीन डोक्यात होतं. मलेरियावरच्या औषधाच्या शोधात त्यांनी चौथ्या शतकातल्या ग हुंग यांच्या वैद्यकग्रंथातली एक ओळ धरली: मूठभर छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवायची, पिळायची, रस प्यायचा. उकळायची, असं नाही. म्हणजे उष्णतेनं गुण जात असेल, हे त्यांनी ताडलं आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. 1971 सालचा तो 191 क्रमांकाचा नमुना लागू पडला, 2015 साली नोबेल मिळालं. जुन्या ग्रंथावर इतका विश्वास की ओळ सोडायची नाही, आणि इतका अविश्वास की तपासल्याशिवाय मानायचीही नाही. मला तसं व्हायचं आहे. आजही व्हायचं आहे, हे मी इथे ठासून लिहिते, कारण संध्याकाळी मी बॅग भरून परत जायच्या गोष्टी करत होते.

पण तपासायचं म्हटलं की जर्मनीतला तो मोठा अभ्यास समोर येतो. जुनाट कंबरदुखीचे 1162 रुग्ण, निकाल 2007 साली आला. शास्त्रशुद्ध बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना गुण आला. बिंदू सोडून भलतीकडेच, वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना. आणि नेहमीचे औषधोपचार, व्यायाम वगैरे मिळालेल्यांपैकी 27.4 टक्क्यांना. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडकुंडीला आले होते. गुडघ्याखाली चार बोटं मोजून, नडगीपासून एक बोट बाहेर सरकून ‘त्सूसानली’ हा बिंदू शोधायला मी किती रात्री स्वतःच्या पायावर पेननं ठिपके काढले, आणि सुई कुठेही टोचली तरी जवळजवळ तेच?

आज तोच आकडा वेगळा दिसतोय. बिंदू खरा-खोटा राहू दे बाजूला. दोन्ही गटांत कुणीतरी अर्धा तास त्या माणसाजवळ होतं, अंगाला हात लावत होतं, कसं वाटतंय विचारत होतं. ते नेहमीच्या उपचारांवर एवढी मात करतं. यात कमीपणा काय आहे, मला खरंच कळेनासं झालंय. सगळ्या आजारांना हे लागू नाही, हे मला माहीत आहे. तापानं फणफणलेल्या पोराला नुसता हात धरून भागत नाही. पण दुखण्याला?

खरं सांगायचं तर आज दुपारी मला बरं वाटलं. लाज वाटली, राग आला, पण त्याच्याही आधी बरं वाटलं. घरून परतल्यापासून माझा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता.

जुने चिनी वैद्य चांग चुंगचिंग यांच्या ग्रंथाची प्रस्तावना पुन्हा काढून वाचली. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा माणूस. लिहितो, आमचं कुटुंब मोठं, दोनशेच्या वर माणसं. दहा वर्षं पुरती झाली नाहीत आणि त्यातली दोन तृतीयांश गेली, दहांतली सात तापानं. आणि मग वैद्यांवर चिडतो: पन्नास ठोके होईपर्यंतसुद्धा यांना दम निघत नाही! पन्नास ठोके म्हणजे मिनिटही नाही. तेवढंही कुणी थांबत नाही, ही त्याची तक्रार. परीक्षेसाठी हे परिच्छेद पाठ केले होते. त्यामागे एवढी माणसं गेलेला एक माणूस बसला आहे, हे आज दिसलं. तो फुफ्फुसाच्या जागेबद्दल काय म्हणाला असता?

लाओशी पन्नासाहून जास्तच थांबले असतील.

आणि इथल्या शिस्तीत नाडी तर शेवटी येते. आधी बघायचं, मग ऐकायचं-हुंगायचं, मग विचारायचं, त्यानंतर हात लावायचा. माझे डोळे त्यांना दिसले असणार. आवाज बसलाय तो ऐकू आला असणार. अर्ज तर त्यांनी वाचलाच होता. हे सगळं माहीत असूनही त्यांनी हात धरला आणि जागा शोधली, यात मला फसवल्यासारखं का वाटावं? आप्पासुद्धा माणूस उंबऱ्यात आला की आधी ‘थोरला पत्र पाठवतो का’ असं विचारत, मग नाडी.

तरी प्रश्न सुटलेला नाही. तो अर्ज नसता तर? हे मला कधीच कळणार नाही, आणि त्यांना विचारायची माझी छाती नाही. राहू दे. ज्याला पुतळा नाही असंही काही शिकावं लागेल. दादाशी जे बोलायचं होतं तेही राहिलंच आहे.

दुपारी जेवलेच नव्हते. रात्री कोपऱ्यावरच्या आयींनी, म्हणजे मावशींनी, नूडल्सवर मूठभर ह्वाच्याव घातलं. दमट हवेवर हाच उतारा, असं चेंगडूत जो तो सांगतो. ह्वाच्याव म्हणजे आपल्या तिरफळाचंच भावंड, जीभ तशीच बधिर होते. बाबा बांगड्याच्या आमटीतली तिरफळं वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवायचे. आज मीही ठेवली.

इथे बारा वाजले, म्हणजे घरी साडेनऊ. आई अजून जागी असेल. दोनदा तिचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. आता लावते.