तुम्ही विचारलंत म्हणून : बू यूनसनचं एवढं काय?

स्टॉकहोमला पाहुणे आले की मी त्यांना ग्रिप्सहोल्मचा किल्ला दाखवायला नेतो. चौदाव्या शतकातल्या बू यूनसन ग्रिप या स्वीडिश सरदाराचं नाव लागलेला हा किल्ला. परतताना प्रश्न ठरलेला: "त्या बू यूनसन ग्रिपचं तुम्हाला एवढं कौतुक का? सावकारच ना तो?"

होता सावकार. स्वीडनच्या राजा अल्ब्रेक्तला पैसे द्यायचे आणि किल्ले, मुलूख गहाण ठेवून घ्यायचे. 1386 मध्ये तो वारला तेव्हा अख्खं फिनलंड आणि स्वीडनचा मोठा भाग त्याच्याकडे होता. तिथला महसूल राजाला नव्हे, त्याला मिळायचा. पण जाण्याआधी त्याने मृत्युपत्र केलं आणि हे सगळं अल्ब्रेक्तच्या हाती पडू नये म्हणून सांभाळायला सरदारांची नेमणूक केली. त्यांनी 1388 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या मार्गारेताशी करार केला. पुढच्याच वर्षी फाल्शोपिंगजवळ अल्ब्रेक्त लढाईत कैद झाला, आणि 1397 मध्ये कालमारला तिन्ही राज्यं एका राजाखाली आली. मेलेल्या माणसाच्या कागदाची एवढी ताकद! माझं कौतुक आहे ते याचं, आणि ते मी लपवणार नाही.

काही वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळींसमोर मी यावर अर्धा तास बोललो. विबोर्ग, तुर्कू, न्यूशोपिंग, सगळे किल्ले तोंडपाठ. 1381 चा प्रसंग मात्र एका वाक्यात उरकला: "रागाच्या भरात त्याने एकाला चर्चमध्ये ठार मारलं." पहिल्या रांगेत कुणाच्या तरी आई बसल्या होत्या, सांगलीहून मुलाकडे आलेल्या. त्यांनी विचारलं, "ज्याला मारलं त्याचं नाव काय हो?"

मला आठवेना. लोक वाट बघत होते. "नोंद आहे, नंतर सांगतो," म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण नजर काढली नाही. घरी येऊन वही उघडली तर नाव मीच लिहून ठेवलेलं: कार्ल निल्सन. सांगेपर्यंत त्या भारतात परतल्याही होत्या.

पुढच्या रविवारी स्टॉकहोममधल्याच रिद्दारहोल्मच्या चर्चला गेलो, जिथे हे घडलं. फ्रान्सिस्कन साधूंचं ते चर्च आज राजांच्या समाध्यांसाठी ओळखलं जातं. लाल विटा, पायाखाली थडग्यांच्या फरशा, काहींवरची अक्षरं चालून चालून पुसट झालेली. वेदीकडे तोंड करून उभा राहिलो. इथेच कुठेतरी त्याला तोडलं. आणि मारणारा? त्यानंतरही मरेपर्यंत तो राज्याचा द्रोत्स, म्हणजे राजाच्या खालोखालचा अधिकारी, राहिला.

पूर्वीचा मी म्हणायचो, चौदाव्या शतकाला आजचं माप लावू नका. पण देवळात आलेल्या माणसाला मारणं तेव्हाही पापच होतं, त्या साधूंनाही ते ठाऊक होतं. मग मृत्युपत्राचं मोल कमी होतं का? मला तसंही वाटत नाही. दोन्ही एकाच हाताने घडलं आणि त्यांची वजाबाकी मला जमत नाही.

आता जाताना गाडीत मी आधी कार्ल निल्सनचं नाव सांगतो. मग मेलारेन तलावाच्या पाण्यापलीकडे ते गोल लाल बुरूज दिसतात. आजचा किल्ला 1537 पासून गुस्ताव वासाने बांधलेला, बू यूनसनचं तिथे नावच काय ते उरलंय. तरी ते दिसले की मृत्युपत्राची गोष्ट निघते, आणि माझा आवाज चढतो.