मागच्या खेपेचाच माल: डार्मस्टाटचे मर्क घराणे

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी औषधांच्या दुकानात बसले की एक गोष्ट वारंवार दिसते. बाजाराच्या दिवशी आलेला शेतकरी रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगत नाही. तो खिशातून रिकामे पाकीट काढतो आणि "भाऊ, हेच पाह्यजे, दुसऱ्या रंगाची नोको," असे बजावतो. या हट्टाला अडाणीपणा म्हणणारे पुष्कळ आहेत, पण जर्मनीतील डार्मस्टाटच्या मर्क घराण्याने एकोणिसाव्या शतकात आपला औषधांचा कारखाना उभारला तो दर खेपेला तोच माल मागणाऱ्या अशाच ग्राहकाच्या भरवशावर.

मर्क यांचे दुकान मुळात जुने होते. फ्रीडरिश याकोब मर्क यांनी १६६८ मध्ये तेथील एक औषधालय घेतले आणि पुढे दीडशे वर्षे ते घराण्यातच चालले. १८१६ मध्ये ते हाइनरिश इमॅन्युएल मर्क यांच्या हाती आले, तेव्हा औषधशास्त्राला वेगळेच वळण लागत होते. झेर्ट्युर्नर या तरुण औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन हे वेदनाशामक द्रव्य वेगळे केले होते. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन हे हिवतापावरचे औषध काढले. अफूचा जोर वाणाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाची अफू एका रोग्याला पुरत नसे, तर दुसऱ्याच्या जिवावर बेतत असे. अफू घातलेल्या बाळगोळीने मूल गुंगीत गेल्याच्या गोष्टी आमच्याकडची म्हातारी माणसेही सांगत. शुद्ध मॉर्फिन मात्र तोलून देता येत होते.

हे शोध मर्क यांचे नव्हेत. त्यांनी १८२७ पासून असे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींतून वेगळी काढलेली गुणकारी द्रव्ये, मोठ्या प्रमाणावर तयार करून इतर औषधविक्रेत्यांना आणि संशोधकांना विकायला सुरुवात केली, आणि माझ्या मते त्यांची खरी हुशारी त्यातच होती. १८५० मध्ये कार्ल, गेओर्ग आणि विल्हेल्म ही मुले भागीदार झाली. त्यांपैकी गेओर्ग यांनी १८४८ मध्ये अफूतून पापाव्हेरिन हे आणखी एक अल्कलॉइड शोधून काढले होते. तरी धंद्याच्या दृष्टीने मला १८५१ मधील वडिलांची ग्वाही अधिक मोलाची वाटते. आपल्या मालाच्या शुद्धतेची हमी तर त्यांनी दिलीच, शिवाय अशुद्ध मालामुळे कोणाचे नुकसान झाल्यास त्याची जबाबदारीही स्वीकारली. दुकानदाराला असे लिहून देणे किती जड जाते, ते गल्ल्यावर बसणाऱ्यालाच कळेल. १८८८ मध्ये कंपनीतील रसायनतज्ज्ञ कार्ल क्राउख यांनी रसायनांची शुद्धता कशी तपासावी यावर पुस्तकच लिहिले, म्हणजे माल पारखण्याची रीतही ग्राहकाच्या हाती दिली.

१८९१ मध्ये घराण्यातील याच नावाचे दुसरे, तरुण गेओर्ग न्यूयॉर्कला गेले आणि तेथील शाखा वाढली, परंतु पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने ती ताब्यात घेतल्यामुळे एका नावाच्या दोन स्वतंत्र कंपन्या झाल्या. अमेरिका व कॅनडात मर्क हे नाव अमेरिकी कंपनी वापरते, इतरत्र ते जर्मन कंपनीकडे आहे. आणि डार्मस्टाटच्या कंपनीची बहुतांश मालकी अजूनही त्याच कुटुंबाकडे आहे.