वहिनीचे दीड हजार

आज मंगळवेढ्याजवळ आत्याकडे जाऊन आले. ज्वारी काढून झालीय, दारात कडब्याची गंजी लागलीय. वहिनीनं जेवायला बसवलं, कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि मग मला हात धरून गोठ्यात नेलं. काळी शेळी, पोटाशी दोन करडं. “माझ्या पैशाची हाय,” म्हणाली.

जुलै २०२४ पासूनचे लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये. आधी त्यातनं दुकानदाराच्या वहीतली उधारी फेडली, मग थोडे थोडे साठवून शेळी घेतली. पूर्वी पोराला ताप आला तरी दादा रानातनं यायची वाट बघायची, कारण पैसे त्याच्या खिशात. परवा ती स्वतःच पोराला घेऊन दवाखान्यात गेली. मला हे सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

पासबुक पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलंय. मध्ये पैसे काढताना मशीनवर अंगठा जुळेना म्हणून तीन हेलपाटे पडले, तीन दिवसांची मजुरी बुडाली. हे मात्र फार वाईट वाटलं. भांडी घासून, खुरपून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याच बोटांना मशीन ओळखत नाही.

“फुकटचे पैसे देऊन बायका आळशी होतात” असं सोलापुरात बसून म्हणणाऱ्यांना मी आता गप्प बसून ऐकणार नाही. वहिनी आजही पहाटे पाचला उठून खुरपायला जाते.

निघताना तिनं पिशवीत शेंगा भरल्या आणि माझ्या पोराच्या हातात पन्नासची नोट ठेवली. स्वतःच्या डब्यातनं काढून.