घरी खाद्य मिसळणं खरंच स्वस्त पडतं का? आमच्या कडकनाथांचा हिशेब

इंदूरहून खंडवा रोडनं सिमरोलकडे निघालं की आमचं शेत लागतं. तिथे काकांच्या अंड्यावर आलेल्या साधारण तीनशे कडकनाथ माद्या आहेत. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं आणि आमच्याकडे जो तो कडकनाथवाला झाला. (त्याआधी इमूचं वेड आलं होतं. ते कसं उतरलं, हे ज्यांचे पैसे बुडाले त्यांना विचारा.) तयार फीड ३३ रुपये किलोनं पडत होतं. मका घरचा, सोयाची पेंड तर माळव्यात हाकेच्या अंतरावर; मग ग्राइंडर-मिक्सर आणून दाणा घरीच करू, हा काकांचा आग्रह. यंत्राला दीड लाख लागणार होते. पैसे देण्याआधी सगळा खर्च कागदावर मांडायचं काम माझ्याकडे आलं.

प्रमाण एका ओळखीच्या पशुवैद्य डॉक्टरांनी दिलं. १०० किलोत मका ६०, सोया डीओसी (तेल काढलेली सोयाची पेंड) २४, तेल काढलेला भाताचा कोंडा ५, मार्बल ग्रिट (कॅल्शियमसाठी संगमरवराची बारीक खडी) साडेआठ, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड किलो, मीठ ३०० ग्रॅम आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण) वगैरे ७०० ग्रॅम. मक्यात ९ टक्के, डीओसीत ४५ टक्के आणि कोंड्यात १५ टक्के प्रथिनं धरली तर बेरीज १७ च्या आसपास जाते; कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. मका २३, डीओसी ४०, कोंडा १६, ग्रिट ६, डीसीपी ६०, मीठ १० आणि प्रीमिक्स २५० रुपये किलो, हे आम्हाला मिळालेले भाव. किलोमागे २७.३९ रुपये झाले. काकांनी तिथल्या तिथे ३३ मधून ते वजा केले आणि वर्षाचे साठ हजार वाचवूनही टाकले.

मक्याचा भाव मी लावला म्हणून ते नाराजच होते. "घरचा मका रे, त्याचे कसले पैसे लावतोस?"

यावर माझ्या मावसभावाचं उत्तर उपयोगी पडलं. तो दक्षिण आफ्रिकेत शेतीधंद्यांचे हिशेब बघतो, औड्सहोर्नकडच्या शहामृगांच्या फार्मांचेही. शहामृगाला चोथा चांगला पचतो, त्यामुळे तिथल्या खाद्यात लसूणघास बराच असतो आणि पुष्कळ जण तो स्वतःच पिकवतात. तो फोनवर म्हणाला, "काकांना सांग, मका मंडीत नेला असता तर हातात जे आलं असतं, तोच त्याचा भाव. पक्षी तो मका काकांकडून विकत घेतात असं समजा." काकांना हे पटलं नाही, पण त्यांनी वादही घातला नाही. शिवाय घरचा मका निम्मं वर्षही पुरत नाही, बाकीचा घ्यावाच लागतो.

घ्यायच्या मक्यात खरी गोम ओलाव्याची. इंदूरच्या छावणी मंडीत १२ टक्के ओलाव्याचा मका २३ रुपयांना होता आणि नुकता निघालेला, १८ टक्क्यांचा, साडेएकवीसला. दीड रुपया कमी म्हणून हात तिकडेच जातो. पण १०० किलो ओल्या मक्यात कोरडा माल ८२ किलो. तो वाळून १२ टक्क्यांवर आला की वजन भरतं ९३ किलो. म्हणजे किलोला २३ रुपये ७ पैसे पडले, वर वाळवायची मजुरी आणि बुरशीची भीती. अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा मका पक्ष्यांच्या पोटात गेला तर मग हिशेबाला काही अर्थच उरत नाही. मी ओलावा मोजल्याशिवाय मका घ्यायचा नाही, असं ठरवून टाकलं.

आता वरचा खर्च. तीनशे पक्षी, रोज शंभर ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळजवळ ११ टन. वाहतूक, हम्माली, बारदाना मिळून किलोला ७० पैसे. धूळ, उंदीर आणि सांडलवंड यांचे आणखी ७०. वीज अगदीच किरकोळ, १५ पैसे. मजुरी एक रुपया. यंत्र दहा वर्षं चालेल असं धरून वर्षाची घट १५ हजार, जाळ्या-हॅमर बदलायला ६ हजार; ११ टनांवर वाटले की किलोला १.९२. यंत्रात आणि साठवलेल्या मक्यात अडकलेल्या पैशाचं व्याज आणखी एक रुपया.

सगळं मिळून ३२.८६. वाचले चौदा पैसे.

तेवढ्यासाठी पहाटे पिठाच्या धुळीत उभं राहायला मी तरी तयार नव्हतो. पण माल स्वस्त पडतोय हेही खोटं नव्हतं. खात होतं ते यंत्र. हजार पक्षी असते तर त्याची घट-दुरुस्ती किलोमागे ५८ पैशांवर आली असती. आजूबाजूचे दोघे-तिघे मिळून घेऊ, हेही बोलून पाहिलं. कोणाच्या शेडमध्ये ठेवायचं यावरच गाडी अडली.

मग गावातल्या चक्कीवाल्याशी बोललो. मका भरडून द्यायचे तो दीड रुपया घेतो. खाद्यात मका साठ टक्के, म्हणून हा खर्च किलोला ९० पैसे. मिसळणं फावड्यानं, सिमेंटच्या कोब्यावर. प्रीमिक्स, मीठ आणि डीसीपी आधी चार-पाच किलो भरड्यात एकजीव करायचं, ते मोठ्या ढिगात, मग दोन्ही बाजूंनी पालटायचं; थेट ढिगावर शिंपडलं तर काही पक्ष्यांना नुसतं मीठच मिळतं. मजुरी वाढून १.२० झाली, व्याज मक्यापुरतं ३५ पैसे उरलं. एकूण ३१.२४. वर्षाला १९ हजारांच्या आसपास वाचतात.

कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते, त्यामुळे एका अंड्यामागे खाद्यच अकरा रुपयांहून जास्त लागतं. अंड्याचा भाव ठरवताना काका आता हा आकडा धरतात, पूर्वी नुसता अंदाज असायचा.

सोया पाच रुपयांनी हलला काय नि मका दोन रुपयांनी, किलोमागे फरक सारखाच, १.२० रुपये. तयार फीड ३३ लाच राहिलं आणि डीओसी ४७ च्या वर गेली, तर मिसळणं थांबवून सरळ पोती आणायची, असं काकांशी बोलून ठेवलंय.